गोटा कोणी मारला

आमच्या घरी एक गोष्ट दरवर्षी सांगितली जायची आणि दरवर्षी अर्धीच राहायची. तिचा दिवस ठरलेला, पोळ्याचा दुसरा. त्या दिवशी पांढुर्ण्यात दुसरं काही कामच नसतं. जाम नदीत मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, त्याला झेंडा बांधलेला, अलीकडे आम्ही, पलीकडे सावरगाव, आणि त्या झेंड्यापायी दोन्हीकडून गोटे. गोटमार ती हीच. डोकी फुटतात, दरवर्षी ओरड होते, आणि ती ओरड खरीच आहे. पण मी ज्या वयात हे पाहिलं त्या वयात बरं-वाईट कोणाला कळतं? शाळेला सुट्टी असते एवढंच कळायचं.

आमच्या घरचा पेच असा की आई सावरगावची आणि बाबा पांढुर्ण्याचे. एरवी पूल ओलांडला की दहा मिनिटांत माहेर. त्या दिवशी मात्र पूल बंद. आई गच्चीवर उभी राहून पलीकडचं कौलारू घर शोधायची, आणि सापडलं की म्हणायची, "पाह्य, दिसते पण जाता येत नाही." मग खाली येऊन आदल्या दिवशीची पुरणपोळी दुधात कुस्करून आम्हा दोघा भावंडांपुढे ठेवायची आणि वाती वळायला बसायची. कापूस मामाच्या शेतातला. दरवर्षी सरकी काढलेला पिशवीभर कापूस मामा आणून द्यायचा आणि तो वर्षभर आमच्या देवापुढे जळायचा. वाती वळता वळता आई गोष्ट सांगायची.

गोष्ट बाबांच्या भुवईची. बाबा तहसिलीत बाबू होते. अंगानं काडी, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि स्वभावानं इतके गरीब की घरात पाल निघाली तर स्टुलावर सगळ्यांच्या आधी बाबा चढायचे. तेव्हा मागच्या अंगणात आमची गाय होती. आम्ही तिला चारा टाकायला गोठ्यात निघालो की बाबा आतून हमखास ओरडायचे, "मान खाली!" गोठ्याचं दार बुटकं होतं. आम्ही तर तेव्हा त्या दाराच्या निम्म्यानं होतो, तरी ओरडायचे. असा सगळ्याला भिणारा माणूस. पण त्यांच्या डाव्या भुवईवर करंगळीएवढी एक आडवी खूण होती, आणि ती खूण गोटमारीची होती.

लग्नानंतरची ती पहिलीच गोटमार. इकडून बाबा नदीत उतरले, तिकडून मामा. बाबा झेंड्यापासून चार हात राहिले आणि गोटा आला. रक्तानं सदरा भिजला. "कोणी मारला?" आम्ही विचारायचो. "तुमच्या मामानं, अजून कोणी?" बाबा खुणेवरून बोट फिरवत म्हणायचे. हे सांगताना त्या काडीएवढ्या माणसाची छाती अशी फुगायची की आम्हाला टाळ्या पिटाव्याशा वाटायच्या. मामाला विचारलं तर तो नुसता हसायचा. आणि आईला विचारलं, "खरंच मामानं?" तर ती हातातली वात वळत म्हणायची, "सांगन कधी तरी."

मला त्या 'सांगन कधी तरी'चा फार राग यायचा. मी बापाची पोरगी. मामानं माझ्या बापाचं डोकं फोडलं, मग मी त्याच्याशी कायले गोड बोलू? एका वर्षी गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी, पूल उघडल्यावर, तो कापसाच्या पिशवीबरोबर माझ्यासाठी लाकडी बैल घेऊन आला. लाल झुलीचा, चाकांवर पळणारा. मी तो त्याच्यासमोर ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "मले नोको." मामानं बैल उचलून पिशवीत परत ठेवला. त्याचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो.

मोठी झाले, शिकले, लग्न होऊन सौंसरला गेले, तिथंच शाळेत विज्ञान शिकवायला लागले. मामाशी बोलायचे, त्याच्या घरी जेवायचे, पण आतली गाठ सुटली नव्हती. बाबा गेले तेव्हा तेराव्याला मामा काठी बाजूला ठेवून फोटोपुढे बसला होता. मी काय करावं? भरल्या घरात विचारलं, "मामा, आता तरी सांगा. तुम्हीच मारला होता ना तो गोटा?" मामानं आधी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "हाव पोरी," तो म्हणाला, "मीच." दोन वर्षांनी तोही गेला.

ते 'हाव' माझ्या कानाला त्याच दिवशी खोटं लागलं होतं. कबुली देणारा माणूस आधी बहिणीकडे कशाला पाहील? आता उत्तर एकट्या आईजवळ उरलं होतं, आणि मला ते हवंच होतं. एका भल्या माणसाला मी जन्मभर उगाच तर टोचत राहिले नाही ना, एवढं मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि नेमका तेव्हाच आईनं वर्ग लावला.

या वर्गाचं सांगायला हवं. बाबा गेल्यापासून आई उठता-बसता बाबांच्याच गोष्टी सांगायची. भाजी निवडताना तीच, धुणं वाळत घालताना तीच. माझा भाऊ नोकरीला छिंदवाड्याला, शनिवारी घरी येणार. म्हणजे ऐकायला एकटी वहिनी, आणि ती बिचारी किती ऐकणार? नदीकडच्या गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या एक बाई राहायच्या, सगळे त्यांना शिलाईवाल्या काकू म्हणत. त्यांना आईची दया आली आणि त्या तिला वर्गाला घेऊन गेल्या. खताच्या दुकानावरचा हॉल, खाली सतरंज्या, समोर मोठा टीव्ही, आणि टीव्हीत कुठल्याशा दूरच्या आश्रमातले महाराज हिंदीत बोलायचे. पंथ अगदी नवा. शिकवण एवढीच की काल नाही, आज आहे. झालेलं बोलायचं नाही, गेलेल्याचं नाव घेऊन रडायचं नाही, जुने फोटो भिंतीवर ठेवायचे नाहीत. भेटल्यावर नमस्कार नाही, रामराम नाही, म्हणायचं 'शुभ आज'.

मी सौंसरहून फोन केला तर पलीकडून आई म्हणाली, "शुभ आज." मला वाटलं, राँग नंबर लागला.

आता हे हसून सांगते आहे, तेव्हा अंगाचा तिळपापड झाला होता. कारण पुढच्या रविवारी जाऊन पाहते तर भिंतीवर बाबांचा फोटो नाही! नुसता खिळा. फोटो लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली. "आई, हे काय करून ठेवलं?" मी ओरडलेच. "अवो, पेटीत आहे ना. फेकला थोडीच," आई शांतपणे म्हणाली. आणि तिच्या अंगावर पोपटी साडी होती. बाबा गेल्यापासून तिनं करड्याशिवाय रंग पाहिला नव्हता. वर्गात कालचं मोजत नाहीत म्हणून कोण सवाष्ण आणि कोण विधवा हेही मोजत नाहीत, असं वहिनीनं मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. काय छान दिसत होती आई त्या साडीत! मला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याचाच मला जास्त राग आला.

शाळेत मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, पाहिल्याशिवाय हो म्हणू नका आणि पाहिल्याशिवाय नाहीसुद्धा म्हणू नका. मोहगावहून येणारी एक पोट्टी एकदा उठून म्हणाली होती, "मॅडम, मंग म्हणायचं काय?" मी म्हटलं, "पाहून राहिली, असं म्हणायचं." सगळा वर्ग हसला होता. तेव्हा माझ्याच शब्दाला जागून मी एक दिवस आईबरोबर गेले आणि मागच्या सतरंजीवर हाताची घडी घालून बसले. खरं सांगते, पाहायला नव्हते गेले, भांडण शोधायला गेले होते.

महाराजांचं बोलणं मला थोडं पटलं आणि पुष्कळसं थोतांड वाटलं. म्हणे आठवण हाच रोग. मी मनात म्हटलं, वा महाराज, मग तुमचं आजचं प्रवचन या बायांनी उद्या लक्षात कसं ठेवायचं? पण मग टीव्ही बंद झाला आणि त्या पंचवीस-तीस बाया नुसत्या गप्प बसल्या. पंख्याची घरघर, खाली खताच्या पोत्यांची चढउतार. माझ्या शेजारच्या बाईचा तरणाताठा मुलगा गेला होता, मला ठाऊक होतं. ती बसल्या जागी झोपली, भिंतीला मान टेकून, आणि कोणी तिला उठवलं नाही. "तिले घरी झोप येत नाही वो," शिलाईवाल्या काकू नंतर म्हणाल्या, "इथं येते." आता याला मी काय म्हणू? थोतांड म्हणू?

वर्ग चालवायचे ते बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ. जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, "आठवणी पुसायला सांगता, मग माणूस उरतो कशात?" ते रागावले नाहीत. "पुसायला कुठं सांगतो, बहनजी? खाली ठेवायला सांगतो. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं म्हणजे फेकलं का?" उत्तर चांगलं होतं. पण चांगली उत्तरं तयार असणाऱ्या माणसांचा मला आणखीच संशय येतो. निघताना त्यांनी हातावर पेढा ठेवला. मी बाणेदारपणे तो खाल्ला नाही, पर्समध्ये टाकला. सौंसरच्या बसमध्ये भूक लागली तेव्हा खाल्ला.

तेव्हापासून माझं सगळं ध्यान त्या वर्गावर लागलं. महाराज कोण, कुठले, पूर्वी काय करायचे, मी मोबाइलवर शोधून काढायची. स्टाफरूममध्ये माझ्याच दोन मैत्रिणी दोन वेगळ्या गुरूंच्या नादी लागलेल्या, त्यांच्यावर आधी तोंडसुख घ्यायची आणि मग आईला फोन. आई ऐकून घ्यायची. तिला झोप लागत होती, भूक लागत होती, चार बायांत उठबस होती. हे सगळं मला दिसत होतं, पण दिसतंय ते मान्य केलं तर आपण हरलो असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पांढुर्ण्यात राहिले. नदीकडून गलका येत होता, आई वाती वळत होती, सगळं अगदी पहिल्यासारखं. मी विचारलं, "आई, सांग ना आता. गोटा कोणी मारला?"

आई हसली. "गेलं ते गेलं," म्हणाली.

'सांगन कधी तरी' नाही म्हणाली! मीच गोष्ट सुरू करून दिली. म्हटलं, पहिली गोटमार, इकडून बाबा उतरले, तिकडून मामा. आई शेजारणीच्या घरची हकीकत ऐकावी तसं ऐकत होती. "असं का?" म्हणाली. मी कापूस टाकून उठले. "झालं! भरवलं यांनी डोक्यात," मी वहिनीपाशी जाऊन ओरडले.

वहिनी ओट्याजवळ उभी होती. ती म्हणाली, "ताई, मले वेगळंच वाटून राहिलं. परवा आईनं भाजीत दोनदा मीठ टाकलं. अन् मामा कधी येते म्हणून विचारून राहिल्या होत्या."

"वर्गाचे प्रताप आहेत हे," मी म्हटलं. "विसरा, विसरा म्हणून रोज घोकल्यावर दुसरं काय होणार?" वहिनी ओट्याकडे वळली. मी मोठी नणंद, त्यात मास्तरीण. माझ्यापुढे ती किती बोलणार?

त्या हिवाळ्यात, संत्र्याच्या गाड्या भरून निघत होत्या तेव्हा, वर्गाचा वार्षिक कार्यक्रम झाला. आईचा सत्कार होता म्हणून वहिनीनं मला बोलावून घेतलं. आईला मंचावर खुर्चीत बसवलं, शाल पांघरली, हातात संत्र्यांची परडी दिली. ते बँकेवाले गृहस्थ माइकवर म्हणाले, "माताजी को देखिए. कल क्या खाया, पूछो तो पता नहीं. बिल्कुल हल्की हो गई हैं." टाळ्या पडल्या. आई नव्या नवरीसारखी लाजून हसत होती. मला राहवलं नाही. मी तिथंच उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. माझ्या आईची आठवण पुसली तुम्ही, म्हटलं. घरचा माणूस भिंतीवरून उतरवला, आता डोक्यातूनही उतरवून राहिले.

आईनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग शेजारी उभ्या असलेल्या शिलाईवाल्या काकूंना हळू आवाजात विचारलं, पण माइक चालू होता. "कोण आहेत वो या बाई? काऊन ओरडून राहिल्या?"

मागून कोणीतरी 'वा!' म्हणालं. खरंच म्हणालं. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. काकूंनी मात्र आईचा हात धरला, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांचा स्वतःचा चेहरा पडला.

आठवड्यात आम्ही आईला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, चित्रं काढायला लावली, घड्याळ काढायला लावलं. आईनं घड्याळात सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीनं बसवले आणि कागद कौतुकानं माझ्याकडे दिला. "हा आजार काही वर्षांपासूनचा दिसतो," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या पहिल्यांदा कधी लक्षात आलं?" उत्तर वहिनीजवळ होतं. "वर्ग लावायच्या आधीपासून," ती म्हणाली. "एकच गोष्ट एका दिवसात चारदा सांगायच्या. सांगितली हे ध्यानातच नसायचं." माझ्याकडे न पाहता ती पुढं म्हणाली, "मी ताईले एकदा म्हटलं होतं."

परतताना गाडीत मी तोंड खिडकीकडे करून रडले. त्या बाबांच्या गोष्टी, ज्यांना मी आईचं प्रेम समजत होते, तीच आजाराची सुरुवात होती. वर्गातल्या लोकांना वाटलं, बाई मुक्त झाली. मला वाटलं, बाईला भुलवलं. त्यांनी पाहिल्याशिवाय हो म्हटलं, मी पाहिल्याशिवाय नाही म्हटलं, आणि दोघांच्या भांडणात बाईकडे पाहिलंच नाही कोणी. एका आठवी शिकलेल्या वहिनीनं पाहिलं, तर तिला मी गप्प बसवलं. महाराजांवर शंका घेताना मला जरा स्वतःवर शंका का आली नाही?

ते गृहस्थ एकदा घरी आले. हात जोडले. "ताई, माझं चुकलं. मला ते ज्ञान वाटलं." मी चहा दिला. भांडायचं होतं, पण माझ्याजवळ भांडायला काही उरलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. येणारा प्रत्येक पाहुणा आईसमोर वाकून विचारायचा, "मले ओळखलं का? सांगा बरं मी कोण?" आई घाबरून एकेकाचा चेहरा निरखायची. मी तर सगळ्यांवर कडी केली. दर रविवारी अल्बम घेऊन बसायची. हा कोण, ही कोण, हे कोणाचं लग्न? डॉक्टरांनी बोलतं ठेवा सांगितलं होतं ना, मी तिची परीक्षाच मांडली. आणि प्रत्येक रविवारी शेवटी तोच प्रश्न, गोटा कोणी मारला? आई हाताची बोटं चुरत बसायची. एकदा रडवेली होऊन म्हणाली, "मले नाही येत वो बाई. मले जाऊ द्या."

शिलाईवाल्या काकूंनी मात्र येणं सोडलं नाही. रोज दुपारी मशीन बंद करून यायच्या, 'शुभ आज' म्हणायच्या, कापसाची पिशवी मध्ये घ्यायच्या आणि आईबरोबर वाती वळायच्या. कालचं काही विचारायच्या नाहीत. हा कापूस पाहा कसा मऊ आहे. ऊन पाहा कुठवर आलं. वहिनीच्या फोडणीचा वास सुटला वाटते. आणि आई त्यांच्याजवळ फुलायची, हो, आई! उत्तर चुकायची भीतीच नव्हती तिथं. मी दारात उभी राहून हे पाहिलं आणि मला हेवा वाटला. तीच ती शिकवण, काल नाही, आज आहे. जिच्यावर मी सौंसरच्या स्टाफरूममध्ये तोंडसुख घेतलं होतं.

मी काकूंना एकदा अंगणात विचारलं, "तुम्हाला खरंच पटतं ते सगळं? महाराजांचं?"

"सगळं नाही पटत," काकू चप्पल शोधत म्हणाल्या. "फोटो उतरवायचं मले तेव्हाही नव्हतं पटलं. लावा वो तुम्ही भिंतीवर, कोण काय म्हणते. अन् ती शाल मीच आणली होती त्या दिवशी, माह्या मनाले लागून आहे ते. पण गप्प बसाले मी तिथंच शिकली. ते कसं सोडू?" मी बाबांचा फोटो पेटीतून काढला आणि त्याच खिळ्यावर लावला.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीकडचे रस्ते बंद होते, काकूंना येता आलं नाही. त्यांच्या जागेवर मी बसले. अल्बम आणला नाही. कापूस आता मामेभाऊ पाठवतो, त्याच शेतातला. नदीकडचा गलका घरात ऐकू येत होता. आईची बोटं काही विसरलेली नाहीत, कापूस हातात आला की वात आपोआप वळली जाते.

"गोटमार आहे का आज?" आईनं विचारलं.

"हाव."

"तुम्ही वर्गातल्या का?"

एक क्षण ओठांवर आलं, आई, मी आहे ना! पण मी म्हटलं, "हाव. वर्गातली."

तिला बरं वाटलं. तिनं भिंतीकडे बोट केलं. "ते आमचे मालक. भुवईवर खूण आहे, पाह्यली का?"

"पाह्यली," मी म्हटलं. पुढचा प्रश्न अगदी जिभेवर होता. मी तो गिळला. "कापूस छान आहे तुमचा."

"भावाच्या शेतातला आहे," आई म्हणाली. चार-पाच वाती झाल्या. मग ती एकाएकी पदर तोंडाला लावून हसायला लागली, खांदे हलवून, लहानपणी आम्ही पाहायचो तशी.

"गोटा-बिटा काही नाही वो. नदीवर पहिला गोटा पडला अन् हे जे घराकडे पयाले! गाईच्या गोठ्यात लपाले गेले. गोठ्याची चौकट बुटकी, घाईत ध्यानातच नाही आलं. धाडकन आदळले." तिनं डोळे पुसले. "आता नवं नवं लग्न. लोकं हसले असते ना यांले. मंग मी भावाले म्हटलं, तू मारला म्हण. तो म्हणे, ठीक आहे अक्का, मी म्हणतो."

मान खाली! बाबांचा आवाज माझ्या कानात इतका स्पष्ट आला की मी वळून पाहिलं. किती वर्षं ओरडत होते ते! साऱ्या जगाला पुरावा मागणारी मी, त्या चौकटीखालून रोज येत-जात होते.

"जन्मभर म्हणला बिचारा," आई सांगत होती. "माही पोरगी तर त्याच्याशी धड बोलेच ना. त्यानं आणलेला बैल तिनं वापस केला, तर घरी जाऊन रडला तो. मी म्हटलं, सांगून टाकते तिले. तर म्हणे, नोको अक्का. तिले लय अभिमान आहे बापाचा. तो राहू दे."

माझ्या हातातल्या वातीचा चोळामोळा झाला होता. आईनं ती माझ्याकडून घेतली, कापूस पिंजून सारखा केला आणि नव्यानं वळून माझ्या हातात ठेवली. मग जवळ सरकून हळूच म्हणाली, "तुम्ही नका सांगू हां तिले. सौंसरले मास्तरीण आहे ते. लय विचारते."

"नाही सांगत," मी म्हटलं.